मदत हवी आहे: स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाला चालायला बाहेर कसं काढावं?

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन बरीच वर्षं झाली. सध्या क्लोझापिन चालू आहे, गोळ्या तो न कुरकुरता घेतो. संशय गेला, आवाज अधूनमधून येतात, पण त्यांचा फार त्रास नाही. काळजी वजनाची आहे. हे औषध सुरू झाल्यापासून पोट सुटत चाललंय, गेल्या तपासणीत साखर काठावर आली, आणि बाबांना मधुमेह आहेच. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास तरी चालवा. चिठ्ठीवर लिहायला सोपं आहे हो.

तो आळशी आहे, असं कृपया कुणी लिहू नका. उठावंसंच न वाटणं हा या आजाराचाच भाग आहे. भास गोळ्यांनी कमी होतात, हे मात्र फारसं हलत नाही. घरच्यांना एवढं पटवण्यातच माझी निम्मी ताकद जाते. काकांचं म्हणणं, तालमीत घाला, जोर-बैठका मारल्या की डोकं ताळ्यावर येईल.

जिम लावून झाली. मोठ्यानं गाणी, चहूकडे आरसे. सगळे आरशातून आपल्याकडेच बघतात असं त्याला वाटायला लागलं. बंद केली ते बरंच झालं. मग रंकाळा. पण सकाळी तिथं निम्मं कोल्हापूर भेटतं आणि जो तो विचारतो, "काय रे, सध्या काय करतोस?" शिवाय रात्रीच्या गोळीची गुंगी नऊ-दहापर्यंत उतरत नाही. बाबांचा हट्ट मात्र पहाटेचाच, म्हणजे दिवस भांडणानं उजाडतो.

आपणहून तो बाहेर पडतो ते फक्त संध्याकाळी, टपरीवर सिगारेट आणायला. बाबांनी आता तिथंच सौदा केलाय: फेरी मारून आलास तर सिगारेटचे पैसे. चालतो, हे खरं. मला पटत नाही. कुणी असं आमिष दाखवून सुरुवात केली आहे का? ते थांबल्यावर चालणं टिकलं का?

अजून एक. शाळेत असताना तो पेठेच्या संघात फुटबॉल खेळायचा, लेफ्ट विंगला. आजही पेपरात शाहू स्टेडियमवरच्या सामन्याची बातमी तेवढी वाचतो. पण "चल, खेळू या" म्हटलं की उठून खोलीत जातो.

सिंहगडरोडची_आई:
ताई, पहाटेचा नाद आधी सोडा. आमची लेक पाचच्या चहानंतरच चालते. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात जायला लागलो, तिथं इतर आईबापांकडून एक शिकले: एकट्याला पाठवायचं नाही, आपण बरोबर जायचं, न बोलता चालायचं. पहिले कित्येक दिवस आम्ही गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच जायचो. ती "पुरे" म्हणाली की परत. रंकाळा कशाला? ओळखीचं कुणी भेटणार नाही असा रस्ता धरा.

निवांत_गडी:
मला स्वतःला हाच आजार आहे, म्हणून आतून सांगतो. फुटबॉलचं नाव काढल्यावर तो उठून जातो, कारण पूर्वी कसा खेळायचो हे त्याला आठवतं. मला क्रिकेटचं तसंच व्हायचं. संघ नको, मैदान नको. चेंडू घरात कुठंतरी दिसेल असा पडू दे, कुणी काही बोलू नका. कानात गाणी असली की चालताना आवाज मागे पडतात, निदान माझे तरी. आणि चालून आल्यावर टाळ्या वाजवू नका, फार लाज वाटते. वजनाचा विषय जेवताना तर नकोच.

ओटी_मिरज:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. सिगारेटचा सौदा थांबवा, आणि कारण फक्त फुप्फुसाचं नाही. तंबाखूच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं, रक्तातली पातळी घसरते. उलट सिगारेट एकदम सुटली तर पातळी वाढते आणि त्रास होऊ शकतो. म्हणून कमी-जास्त काहीही करायचं तर आधी डॉक्टरांना सांगा. आमिष मला वाईट वाटत नाही, फक्त ते बदला: फेरीच्या शेवटी हॉटेलात बिनसाखरेचा चहा चालेल.

चालणं जमलंच नाही तर योगासनं करून बघा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतला 2007 सालचा अभ्यास आहे. औषधांच्या जोडीला योग करणाऱ्यांना व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला. बसल्याजागी शवासन-ध्यानावर भर नको, हालचालीची आसनं घ्या. क्लोझापिनमुळे बद्धकोष्ठ होतं, त्यालाही हालचाल आणि पाणी उपयोगी. भर उन्हात मात्र नेऊ नका, या औषधांवर उष्णता सोसत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, बसल्याजागी धडधड वाढली तर चालणं बंद करून लगेच डॉक्टर.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. धुराचं बाबांना ओटींच्या शब्दांत वाचून दाखवलं. माझं ते ऐकत नाहीत, छापील असलं की ऐकतात. चहाला "बघू" म्हणाले. मुलाचा चेंडू आज गच्चीच्या जिन्यात ठेवलाय. काकांना अजून काही सांगितलेलं नाही, ते कोचच होऊन बसतील.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांची वेळ आहे. क्लोझापिनबरोबर वजनासाठी मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) सुरू केलेलं कुणी आहे का इथं? पोटाचा त्रास कितपत होतो, आणि गोळी जेवणाआधी की नंतर?