मासळी वाहिलेली पिकअप: इंजिनाआधी चासी बघा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी वाहिलेली २०१७ ची पिकअप आंब्याच्या पेट्या कोल्हापूरला न्यायला घ्यावी का, असा प्रश्न आहे, आणि आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद इंजिनावरच आहेत. इंजिन बांधून मिळतं हो, सडलेली चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) नाही!

बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेट चासीवर ठिबकतं. गाडी रॅम्पवर चढवून घ्या. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, म्हणजे त्यांना धरणारे ब्रॅकेट, जिथे चासीला जोडलेत तिथे, आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर, लहान हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले किंवा स्क्रूड्रायव्हर आत रुतला, तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. चासीवर ताजा काळा रंग दिसला तर तिथेच जास्त ठोका. ब्रेकचे लोखंडी पाइप आणि वायरिंगचे हिरवे पडलेले कनेक्टरही बघा.

इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. बॉनेट आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी जा. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करा. धुराचे जोरदार भपके आले तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. क्लच मात्र रिकाम्या गाडीत कळत नाही. कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा घाट भरून चढायचाय, तेव्हा माल भरूनच चढावर चालवून बघा.

कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म) घ्या. आठ वर्षांनंतर फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी लागतं, तो खर्च भावात धरा.