दहा दिवसांत कथकली येते का?
दहा दिवसांच्या कार्यशाळेतून कथकली हे केरळचे नृत्यनाट्य येत नाही, असा आक्षेप घेतला जातो; तो मला मान्य आहे. मात्र म्हणून अशी कार्यशाळा व्यर्थ ठरते, हे पटत नाही. गेल्या वर्षी बडोद्यात माझी भाची अशाच एका कार्यशाळेला जात असे. सात वर्षे भरतनाट्यम शिकलेल्या त्या मुलीला तळपायाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन, गुडघे बाहेर काढून उभे राहणेच पहिले चार दिवस जमेना. त्यानंतर डोळ्यांचे व्यायाम आले: मान स्थिर ठेवून बुबुळे चारी दिशांना, तिरपी आणि वर्तुळाकार फिरवायची, तीही संथ, मध्य व द्रुत अशा लयींत. 'हस्तलक्षणदीपिका' या हस्तमुद्रांवरच्या ग्रंथातल्या चोवीस मूळ मुद्रांपैकी जेमतेम आठ-दहा तिच्या हाती लागल्या. मात्र नट रंगमंचावर बोलत नाही, मागे उभे असलेले गायक पद गातात आणि त्यातला शब्दन्‌शब्द त्याला हात, डोळे व भुवया यांतून उलगडावा लागतो, हे तिला तिथे शरीराने कळले. नुसते पाहून ते कळले नसते. चेहऱ्यावरची 'चुट्टी', म्हणजे जबड्याच्या कडेने चढवली जाणारी पांढरी झालर, मात्र केवळ दाखवण्यात आली, आणि तेच योग्य झाले.

बडोद्याला दक्षिणेचे नृत्य परके नाही. १८८० साली सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला आणि तिच्याबरोबर तिथले नर्तक-वादक दरबारात आले. आयोजकांना माझी विनंती एवढीच, की शेवटच्या दिवशी 'सादरीकरण' ठेवू नये. त्याच्या तालमीत शिकण्याचे तीन दिवस वाया जातात.