चार ट्रॅकवर ‘सार्जंट पेपर’ कसा झाला? आमचे नव्वद ट्रॅक आवरत नाहीत

रंकाळा_रिफ
आमचा चौघांचा बँड, कोल्हापूरचा. पहिल्या अल्बमसाठी एक सनईवादक, तीन व्हायोलिनवाले आणि गल्लीतल्या भजनी मंडळाचे टाळकरी घेतलेत. सात महिने झाले. एकाच गाण्याचे लॅपटॉपवर नव्वद ट्रॅक साठलेत आणि गाणं सापडत नाही. बीटल्सनी १९६७ साली ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम चार ट्रॅकच्या मशीनवर (म्हणजे फितीवर आवाजाचे चारच वेगळे पट्टे) केला, त्यात एवढी माणसं बसवली कशी? आणि पाहुण्या वादकांना नेमकं सांगायचं काय?

फीत_आणि_ब्लेड
मी १९८६ पासून रेकॉर्डिंग करतो. चार ट्रॅक भरले की ते मिसळून दुसऱ्या फितीवर एका-दोन ट्रॅकमध्ये उतरवायचे, उरलेल्यांवर पुढचं वाजवायचं. एकदा उतरवलं की ड्रम जरा मोठा हवा होता म्हणायची सोय नाही. डोंबिवलीत कॅसेटवरच्या चार ट्रॅकवर मी हेच करायचो. एका गाण्यात बेस दबला, तो आजही दबलेलाच आहे. ऐकलं की पोटात कालवतं. पण निर्णय त्याच दिवशी व्हायचा. तुमचे नव्वद ट्रॅक म्हणजे नव्वद न घेतलेले निर्णय आहेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी त्याच अल्बममधलं ‘अ डे इन द लाइफ’ ऐका. मधले चोवीस बार (तालाची आवर्तनं) त्यांनी चक्क मोकळे सोडले होते, तिथे काय येणार हे ठरलंच नव्हतं. त्यांचा सहायक मॅल इव्हान्स मोठ्यानं आकडे मोजत राहिला आणि शेवटी गजराचं घड्याळ वाजलं. तो गजर रेकॉर्डवर आहे. मग १० फेब्रुवारी १९६७ ला ऍबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत चाळीस वादक आले. त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी प्रत्येकाला सुरुवातीचा खालचा सूर आणि शेवटचा वरचा सूर बांधून दिला. मधली चढण ज्याची त्यानं चढायची, शेजाऱ्याचं ऐकायचं नाही. ऑर्केस्ट्रातल्या माणसाला जन्मभर याच्या उलट शिकवलेलं असतं हो! हे चारदा घेऊन एकावर एक चढवलं. त्यासाठी स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी चार ट्रॅकची दोन मशीन ५० हर्ट्झच्या सिग्नलनं जोडून एकत्र चालवली.

तुमच्या सनईवाल्यांनाही निघायचं कुठून आणि पोचायचं कुठे एवढंच सांगा. वाट ते काढतील.

दादर_दिलरुबा
यात एक भर. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता. याच अल्बममधलं ‘विदिन यू विदाउट यू’ हे गाणं त्या ओढीतूनच आलं. १५ मार्च १९६७ ला लंडनमधले भारतीय वादक स्टुडिओत बसले. बाकीचे तिघे बीटल्स त्या गाण्यात वाजवतच नाहीत. ३ एप्रिलला वर आठ व्हायोलिन आणि तीन चेलो आले. दिलरुब्याची (गजानं वाजवायचं तंतुवाद्य) मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्या व्हायोलिनवाल्यांकडून काढून घेणं हे मला मार्टिन यांचं सगळ्यात अवघड काम वाटतं. मी स्वतः दिलरुबा वाजवते, त्या मिंडी कागदावर मांडताना हात थांबतो.

दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. मूळ कव्हरवर यातलं एकही नाव नव्हतं. टाळकऱ्यांची नावं पूर्ण लिहा, ‘भजनी मंडळ’ एवढ्यावर भागवू नका.

रंकाळा_रिफ
टाळकरी अकरा आहेत. दोघांची आडनावं मलाच माहीत नव्हती, आज विचारून वहीत लिहिली. उद्या सनईसाठी सोळा मात्रा मोकळ्या ठेवतोय. आधीचे सनईचे बारा टेक पुसू का?

फीत_आणि_ब्लेड
पुसा. पण आधी चौघांनी एकत्र बसून एकदा ऐका. एखाद्या टेकला चौघांचीही मान एकदम वर झाली, तर तेवढा ठेवा.