मदत हवी आहे: जुन्या टेबलावर पांढरे डाग, लवकर सांगा

आजीचं लिहायचं टेबल माळ्यावरून खाली काढलं. पुसलं, तर वरच्या फळीवर ढगासारखे पांढरट डाग उमटले. रविवारी पॉलिश करायचंय, पॉलिशपेपर आणून ठेवलाय. आधी कितीचा लावू एवढंच सांगा.

शिसवी: थांबा! लाकूड कुठलं? भरीव आहे की वर विनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा? विनियर जेमतेम अर्धा-एक मिलीमीटर असतं, जोर लागला की खालचं दिसायला लागतं. आणि पुसलं कशाने?

धागाकर्ता: चांगलं जड लाकूड आहे. फडक्यानेच पुसलं.

रंधावाला: ८० नंबरने उतरवा, मग १२०, १८०, २२०, रेषांच्या दिशेने. वर पीयूचे (पॉलियुरेथेन वॉर्निशचे) दोन हात. माझ्या जेवणाच्या टेबलाला तेच केलंय, पाणी सांडलं तरी काही होत नाही.

भुसभुशीत: बारीक भोकं आहेत का? खाली पिठासारखा भुसा पडतो का? आमचं कपाट असंच गेलं. आधी किडीचं औषध भरा.

धागाकर्ता: भोकं नाहीत हो, डाग आहेत!

शिसवी: फडकं ओलं होतं?

धागाकर्ता: गरम पाण्यात पिळलेलं. त्यात काय?

शिसवी: त्यातच सगळं आलं. बहुतेक चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश आहे, ओल शिरली की ते पांढरं पडतं. पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. चिकटला तर चपडा. स्पिरिटला दाद न देता थिनरने सुटलं तर लॅकर.

रंधावाला: चपडा आता कोण लावतं? पाणी पडलं की पुन्हा हेच.

शिसवी: चपड्याचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. तुमचं पीयू घासल्याशिवाय दुरुस्त होत नाही. लिहायच्या टेबलावर कोण पातेली ठेवतंय?

जवस: जवसाचं तेल चोळा, झकास चमकतं.

शिसवी: पॉलिशवरून तेल आत जिरणार नाही. आणि त्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात.

धागाकर्ता: बोळा चिकटला, चहाच्या रंगाचा झाला. आता?

शिसवी: पेपर ठेवून द्या. दोन दिवस वाळू दे. मग सुती बोळा स्पिरिटने जेमतेम दमट करून हलक्या हाताने, न थांबता फिरवा. थांबलात तर पॉलिश उचलून येईल. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको.

धागाकर्ता: एका कोपऱ्यात करून पाहिलं, ढग गेला! खाली आजीच्या टाकाचा शाईचा ठिपका निघाला. तो राहू देणार आहे.

रंधावाला: जुनी काळी शाई ऑक्झॅलिक अॅसिडने निघते बरं का.