आत्याचा फोटोंचा फोल्डर उघडेना

आत्या: अरे, कोणी आहे का? जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क नव्याला जोडली. फोटोंच्या फोल्डरवर क्लिक केलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. फोटो माझेच आणि मलाच परवानगी नाही म्हणे!

मोठे काका: सोपं आहे. सी ड्राइव्हवर राइट क्लिक कर, सिक्युरिटीत जाऊन ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल दे. तसा मेसेज आला होता, शोधून पाठवतो.

दादा: काका, प्लीज नका पाठवू 🙏 आत्या, तू अजून कशालाच हात लावू नकोस. सी ड्राइव्हवर विंडोजच्या स्वतःच्या फायली असतात. त्यांचा मालक मुद्दाम ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ ठेवलेला असतो, म्हणजे कुठलाही प्रोग्रॅम उठून त्या बदलू नये. त्या परवानग्या एकदा विस्कटल्या की निस्तरण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकणं परवडतं.

मोठे काका: बरं बाबा. राहिलं.

दादा: आत्या, फोल्डर उघडताना ‘कंटिन्यू’ येतं का?

आत्या: आलं, दाबलं. हिरवी पट्टी सरकत राहिली आणि शेवटी म्हणतो सिक्युरिटी टॅब वापरा.

छोटी: पण दोन्हीकडे आत्याचं नाव तेच, पासवर्ड तोच. मग ओळखत का नाही?

दादा: विंडोज नाव बघतच नाही. प्रत्येक खात्याला ते एक लांबलचक क्रमांक देतं, ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा, आणि फायलीवर नोंद असते ती त्या क्रमांकाची. नव्या कॉम्प्युटरवर आत्याला नवा क्रमांक मिळाला, त्यामुळे जुन्या फायलींच्या लेखी ती परकी. आत्या, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब उघड. ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे आकडे दिसतायत?

आत्या: हो! मोठ्ठा आकडा आहे.

दादा: मग हेच. आधी मालकी घ्यायची, मग परवानगी. उलट केलंस तर अडेल. तू ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातच आहेस ना? असशील तर सिक्युरिटीत खाली ‘ॲडव्हान्स्ड’. वर ‘ओनर’समोर ‘चेंज’. तुझ्या खात्याचं नाव टाक, ‘चेक नेम्स’ दाब, नावाखाली रेघ आली की ओके. मग ओनरच्याच खाली ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स’ असा चौकोन येईल. त्यावर टिक हवीच, नाहीतर वरचा फोल्डर तुझा आणि आतले सगळे जुन्याच मालकाचे. अप्लाय कर आणि सगळ्या खिडक्या बंद करून परत उघड, त्याशिवाय नवी मालकी नीट दिसत नाही.
आता ‘ॲड’, ‘सिलेक्ट अ प्रिन्सिपल’, पुन्हा तुझं नाव, ‘फुल कंट्रोल’. शेवटी तळाशी ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट’ने सुरू होणारी ओळ आहे, तिथे टिक आणि ओके. जुने आकडे मात्र काढू नकोस, असू देत.

आत्या: थांब, वाचते सावकाश.

मोठे काका: माझ्याकडे वेगळंच. फोल्डरची ‘रीड-ओन्ली’ची खूण काढतो, पुन्हा बघतो तर हजर.

दादा: काका, फोल्डरवर तो चौकोन तसा भरलेलाच दिसतो. त्याचा परवानगीशी संबंध नाही. फोल्डर उघडतोय ना? मग सोडून द्या.

वहिनी: अहो, माझं पण ऐका. स्कॅनरचा प्रोग्रॅम डॉक्युमेंट्समध्ये सेव्हच करत नाही. डेस्कटॉपवरही नाही. मी स्वतः फाइल केली तर होते.

दादा: शेजारच्या खोलीतून ग्रुपवर विचारतेस? 😄 तू केलीस तर होते आणि एकाच प्रोग्रॅमला होत नाही, म्हणजे अडचण परवानगीची नाही, पहाऱ्याची आहे. विंडोज सिक्युरिटीत ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ बघ. ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमला अशा फोल्डरमध्ये लिहू न देणारा पहारेकरी. ते बंद करू नको, खालच्या यादीत स्कॅनरच्या प्रोग्रॅमला तेवढी सूट दे.

छोटी: दादा, माझ्या मॅकवर पोर्टेबल डिस्कमधलं सगळं वाचता येतं, पण टाकता काहीच येत नाही.

दादा: डिस्क ‘एनटीएफएस’ या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. मॅक ती नुसती वाचतो. माल दुसरीकडे काढून ‘एक्सएफएटी’मध्ये फॉरमॅट कर, दोन्हीकडे चालेल. त्यात परवानग्यांची भानगडच नसते. अर्थात डिस्क हातात पडली की कोणीही उघडेल.

आत्या: उघडलं रे!! सगळे फोटो दिसतायत 🎉 फक्त ‘बँकेचे कागद’ फोल्डरमधल्या फायली अजून नाही म्हणतायत. चित्रावर छोटं कुलूप आहे.

दादा: जुन्यावर विंडोज प्रो होतं का?

आत्या: हो, घेतानाच त्यात होतं.

दादा: मग त्या फायली एन्क्रिप्ट केलेल्या आहेत, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येऊ नयेत अशा. विंडोजच्या होम आवृत्तीत ती सोय नसते म्हणून विचारलं. इथे मालकी घेऊन उपयोग नाही. किल्ली जुन्या खात्याच्या सर्टिफिकेटमध्ये आहे आणि ते जुन्या विंडोजमध्ये. जुना कॉम्प्युटर टाकला नाहीस ना?

आत्या: माळ्यावर आहे. चालत होता.

दादा: छान. मग ती डिस्क अजिबात फॉरमॅट करू नकोस. परत त्यात बसवू, जुन्या पासवर्डने आत जाऊ आणि प्रॉपर्टीजच्या ‘ॲडव्हान्स्ड’मधली ‘एन्क्रिप्ट कंटेंट्स’ची टिक काढू. मग फायली नव्यावर उघडतील. रविवारी येतो.

मोठे काका: मी पण येतो. मला बघायचंय.