पावसाळ्यात गाऱ्याची (पाय रुतणाऱ्या चिखलाची) टेकडी चढताना: तुमचे अनुभव

आडबाजूच्या टेकड्यांवर पाय कुठे टाकायचा, सोबत काय घ्यायचं, मागे कधी फिरायचं, नेमकं लिहा.

चिखलदऱ्याकडून
गारा पायथ्यालाच असतो असं नाही. आपला डोंगर काळ्या पत्थराच्या थरांचा. पाणी भेगांतून मुरतं, खाली अखंड थर लागला की आडवं सरकतं आणि मधल्या सपाटीवर झिरपतं. म्हणून चढ संपून जरा मोकळं वाटलं की तिथेच पाय फसतो. फिकट गवतात मधेच हिरवंकंच लव्हाळं आणि गुरांच्या खुरांच्या खड्ड्यांत पाणी दिसलं की समजायचं. काठी टोचा, वीतभर सहज गेली तर वरच्या अंगाने वळसा घाला, बरडावरून (खडकाळ, कोरड्या जमिनीवरून).

यवतमाळकडून
दोन दिवस उघाड पडली की वर पापुद्रा धरतो, बारीक भेगाही पडतात. त्यावर भरवसा ठेवू नका, आत लोण्यासारखं असतं. फसलेला पाय सरळ ओढला तर बूट आतच राहतो. टाच डावी-उजवी हलवा. कडेने हवा शिरली की ‘पच्च’ आवाज होतो, मग टाच आधी उचला.

अकोटकडून
गमबूट गाऱ्यात ठीक, शेवाळलेल्या दगडावर घातक. खोल खाचांचे नाडीचे बूट घ्या. खाचांत काळी माती भरली की तळवा गुळगुळीत होतो, म्हणून थांबून काडीने खरडत राहा. उतरताना हे जास्त लागतं.

परतवाड्याकडून
सपाटीवर तासाला ४ किलोमीटर चालणाऱ्याने इथे दीड-दोनच धरावेत. मेळघाटात वनखात्याची परवानगी आधी पाहा, आणि वळणावर बोलत चला. अस्वलाला अचानक गाठणं वाईट. ढग गडगडले की माथा सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका. नाल्याचं गढूळ पाणी गुडघ्याच्या वर असेल तर पलीकडे जाऊच नका, ओसरू द्या.

वर्ध्याकडून
दमलात तरी गवतात बसू नका, दगडावर बसा. गवतातल्या बारीक चिगर किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. घरी आल्यावर आंघोळ करा, काखा, जांघा, कंबरपट्टा नीट बघा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना डोंगर चढल्याचं आणि अंगावर काळी खपली असेल तर तीही आवर्जून सांगा.