बहुपदीची ‘कोटी’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न (मालवण): नववीच्या वर्गात ‘त्रिपदी म्हणजे तिसऱ्या कोटीची बहुपदी’ असे उत्तर हमखास येते. ‘कोटी’ म्हणताच मुलांना शंभर लाख आठवतात. त्याऐवजी ‘घात’ म्हटले तर चालेल का?

उत्तर (गुहागर): नमस्कार बाई. माझ्या मते चालणार नाही. घात एकेका पदातील चलाचा असतो, कोटी मात्र संपूर्ण बहुपदीची. एकच चल असेल तेव्हा त्यातला सर्वांत मोठा घातांक ही तिची कोटी होय. ‘उच्च कोटीचा कलावंत’ यातला दर्जा हा अर्थ मुलांना आधी सांगावा, म्हणजे शंभर लाख आपोआप मागे पडतात. द्विपदी, त्रिपदी ही नावे पदे मोजून पडली आहेत, तर रेषीय, वर्ग, घन ही कोटीवरून. म्हणूनच क्ष⁷ + १ ही द्विपदी असूनही तिची कोटी सात आहे.

सर्वांत मोठ्या घातालाच हा मान का, हे वाडीच्या हिशेबावरून पटते. क्ष मीटर बाजूच्या चौरस वाडीत नारळाची लागवड, भोवती चिऱ्यांचा गडगा आणि विहिरीवर पंप असा खर्च सोयीच्या आकड्यांत ३०क्ष² + २०००क्ष + २०००० रुपये धरू. बाजू १० मीटर असताना लागवडीचे ३,००० रुपये सर्वांत कमी आहेत, गडग्याचे आणि पंपाचे मात्र प्रत्येकी २०,०००. बाजू १०० मीटर झाली की लागवड ३,००,०००, गडगा २,००,००० आणि पंप तेवढाच. चल पुरेसे वाढले की वर्गाचे पद बाकीच्यांना मागे टाकतेच, मग त्याचा सहगुणक कितीही लहान असो.

प्रश्न: आभारी आहे. ५ या स्थिर बहुपदीची कोटी शून्य, मग ० ची का नाही?

उत्तर: दोन शून्येतर बहुपदींचा गुणाकार केला की त्यांच्या कोटींची बेरीज होते, क्ष² आणि क्ष³ यांचा गुणाकार क्ष⁵ येतो. आता ० ची कोटी शून्य मानली, तर ० × क्ष³ ची कोटी ० + ३, म्हणजे तीन यायला हवी. पण तो गुणाकार पुन्हा ० च आहे, आणि एकाच बहुपदीला शून्य व तीन अशा दोन कोटी असू शकत नाहीत. कोणतीही पूर्ण संख्या घेतली तरी हीच अडचण येते, म्हणून शालेय गणितात शून्य बहुपदीची कोटी निश्चित करत नाहीत. मुलांना नियम पाठ करायला लावण्याआधी हा गुणाकार फळ्यावर अवश्य करून दाखवावा.